भिंगाखालचा तांदूळ

दसऱ्याला मी ह्यांच्या एन्लार्जरची पूजा केली. फोटो मोठे करायचं ते जुनं यंत्र ह्यांनी महिनाभर खपून दुरुस्त केलं होतं. भिंग तेव्हा बसवायचं राहिलं होतं, आणि मी भाबडेपणाने मूठभर अक्षता वाहिल्या.

पुढे प्रत्येक फोटोचा एक कोपरा पुसट येऊ लागला. भिंग सरळ करता करता हे थकले.

सोमवारी माझं दिवाबत्तीपर्यंत मौन असतं. नेमका अशाच एका सोमवारी दुपारी आळेफाट्याचा गोरख भंगारवाला आला.

"घेऊन जा राव," हे म्हणाले. "यंत्र चांगलंय, माझं डोळंच गेलं."

"डोळं हायेत भाऊ, चष्मा जुना झालाय," म्हणत गोरखने यंत्राला हात घातला.

मला राहवलं नाही. "थांबा. भिंग ज्या पट्टीवर बसवलंय, तिच्याखाली अक्षता अडकल्या असतील."

ह्यांनी स्क्रू सैल केले, तर खरंच तांदळाचा दाणा निघाला. पट्टी सपाट बसली, कोपरा स्वच्छ दिसला.

"माझ्यापायी मौन मोडलंस व्हय," म्हणत ह्यांनी तो दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

मी मान खाली घातली. अक्षतांची शंका मला रविवारीच आली होती. चूक कबूल करायला नको, म्हणून मी सोमवारच्या मौनाची वाट पाहिली होती.