लोर्नाचं आंबट कालवण

लोर्ना मूळची फिलिपिन्सची. दुबईच्या हॉटेलात काम करताना भूपेशशी लग्न झालं आणि दोन हजार चार साली ती अंजूरला सासरी आली. भाकरी थापायला शिकली, मराठीही शिकली. पुढच्या वर्षी तिकडे तिची आई गेली, तेव्हा तिला जाता आलं नाही. तेव्हापासून आईच्या हातचं आंबट कालवण तिच्या स्वप्नात यायचं.

एका दुपारी सासूबाई राहीबाईंनी खाडीतली ताजी बोय आणली. लोर्नाने कोवळ्या चिंचा उकळल्या, त्या पाण्यात मुळा आणि मासळी सोडली.

"मसाला न्हाय, हळद न्हाय?" राहीबाईंनी विचारलं.

लोर्ना हसून भांड्यावर वाकली. वाफ तोंडावर आली आणि तिचे डोळे मिटले. गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकचे आवाज विरत गेले. नारळाखालचं घर दिसलं, चुलीपाशी पाठमोरी आई दिसली.

"नानाय," तिने हाक मारली. तिच्या भाषेत आईला नानाय म्हणतात.

"ओ," मागून राहीबाई म्हणाल्या.

लोर्ना दचकून वळली. "तुम्हाला कळलं?"

"फोनवर तुज्या आयशीला तशीच हाक मारायचीस ना गो?" राहीबाईंनी ताट पुढे सरकवलं. "वाढ आता. भूक लागलीय."

लोर्नाने रडतच भात वाढला.