भाजलेलं बीट

धाकटीने चिमट्यात धरलेलं बीट गॅसवर पुन्हा एकदा फिरवलं. साल करपून काळी पडली होती, तरी तिचं समाधान होईना.

"अगं, बास कर," टेबलावर चादर अंथरता अंथरता नवरा म्हणाला. "ते काही खायचं नाहीये, नुसतं ताटात ठेवायचंय."

"म्हणूनच," ती म्हणाली.

ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या ताटात कोकराच्या तंगडीचं भाजलेलं हाड ठेवतात. पूर्वज गुलामीतून सुटले त्या रात्रीची ती खूण. ज्या घरात मांस शिजत नाही तिथे हाडाच्या जागी बीट चालतं, हे पाहुण्यांना ठाऊक होतं. प्रश्न बाबांचा होता. बाबांनी उभा जन्म मांसाच्या दुकानात काढलेला. दर वर्षी ते हाड स्वतः निवडायचे, कागदात गुंडाळायचे आणि आईच्या हातात द्यायचे. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच सण. यंदा सगळे माझ्याकडे या, पण मांस शिजणार नाही, असं धाकटीने सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मग माझं पान मांडू नकोस." त्यानंतर त्यांनी फोनही केला नव्हता.

पान तिने मांडलं होतं.

सुपाचा वास घरभर दरवळत होता. बेखमीर पिठाचे गोळे तिने आईसारखेच ओल्या हाताने वळले होते. गोळे हलके व्हायचे तर हाताने घाई करू नये, असं आई सांगायची. आई स्वतः मात्र सणाला कधी पंगतीत दिसली नाही. सगळ्यांना वाढायची आणि कुणी बस म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही जेवा, मी मागून जेवते." मग स्वयंपाकघरात तिची एकटीची थाळी. तेव्हा धाकटीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आया अशाच असतात, असा तिचा समज होता.

दारात बाबांचे जुने मित्र शिंपीकाका आणि काकू आले, आणि त्यांच्यामागे बाबा.

"जिन्यातून दोनदा माघारी वळला हा," शिंपीकाका धापा टाकत म्हणाले. "कॉलर धरून आणलाय. कॉलर मी शिवलेली, म्हणून टिकली."

काकू हसल्या. धाकटीचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. बाबांच्या कोटाच्या खिशातून कागदाची घडी डोकावत होती. ती घडी तिने लहानपणापासून पाहिलेली; दुकानातलं हाड याच घडीत बांधून यायचं. चारचौघांत त्यांनी ते हाड ताटात ठेवलं तर ती काय करणार होती? ठेवू दिलं तर तिच्या शब्दाला काही किंमत उरली नसती. काढा म्हटलं तर ते उठून गेले असते, आणि यापुढे पुन्हा आले नसते.

बाबा बसले. ताटात कडू पाला होता, मिठाचं पाणी होतं, सफरचंद-अक्रोडाचा गोड चुरा होता आणि मधोमध ते काळं बीट. बाबांनी ते बराच वेळ पाहिलं.

द्राक्षरसाचा पहिला प्याला झाला. आता पंगतीतल्या सर्वांत लहान माणसाने प्रश्न विचारायचा आणि सर्वांत मोठ्याने उत्तर द्यायचं. केस पांढरे व्हायला लागले तरी इथे लहान तीच होती.

"ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?" तिने विचारलं.

उत्तर सगळ्यांना पाठ होतं. बाबांनी ते दिलं नाही. त्यांनी खिशातली पुडी काढून टेबलावर उलगडली. आतलं हाड वाळून लाकडासारखं झालं होतं आणि हाताळून हाताळून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"तुझ्या आईच्या फ्रीजरमध्ये होतं," ते म्हणाले. "मी दर वर्षी ताजं आणायचो. ती ते मागच्या दाराने कुत्र्याला घालायची. ताटात दर वर्षी हेच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"खाटीक आहे मी. हाड ओळखता येणार नाही?"

"पण आई असं का..."

"मांस तिच्या घशाखाली उतरायचं नाही, ताजं हाड तिला भाजवायचं नाही. माझ्या घरात आली तेव्हापासून."

काकूंनी मान खाली घातली. धाकटीला स्वयंपाकघरातली ती एकटी थाळी आठवली आणि तिचे डोळे भरून आले.

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर बसून तिने ते खाल्लं असतं. हसत खाल्लं असतं." बाबांनी हाड पुन्हा गुंडाळलं. घडी त्यांना पहिल्यांदा नीट जमली नाही. दुसऱ्यांदा जमली. मग पुडी परत खिशात गेली. ताटाला त्यांनी हात लावला नाही.

पुढचं वाचन शिंपीकाकांनी केलं, नेहमीसारखं अडखळत. ते संपल्यावर धाकटी उठली, सुपाचं पातेलं घेऊन आली आणि डाव हातात घेऊन उभी राहिली.

"बसा सगळे, करा सुरुवात," ती म्हणाली. "मी मागून..."

बाबांनी तिच्या हातातला डाव काढून घेतला. दुसऱ्या हाताने शेजारची खुर्ची ओढली.

"तू बस," ते म्हणाले, आणि पहिलं सूप तिच्या वाडग्यात वाढलं.