चंदूचा आवाज

चंद्रप्रकाश जयवंत परब! नाव केवढं आणि पोर केवढंसं. साडेतीन वर्षांचा चंदू जूनमध्ये बालवाडीत आला, दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, पण पठ्ठ्याच्या तोंडून एक शब्द फुटेल तर शपथ. ना हो, ना नाही, ना ‘बाई, शू.’ शू तर तो रोज करायचा, जागच्या जागी, सतरंजीवर.

‘‘परत भिजवली,’’ सोनूबाई फडकं आपटत म्हणाली. वर्गात मदतीला तीच एकटी. ‘‘बाई, माझे दोन हात. बत्तीस पोरं. मी काय देवी हाय?’’

बाई म्हणजे कुंदाबाई. तिला ऐकायला सवड कुठे? एक पोर दाराशी आईच्या नावानं टाहो फोडत होतं, दुसऱ्यानं शेजारणीच्या दंडाला चावा घेतलेला, आणि ही म्हणत होती, ‘‘चला, टाळ्या वाजवा!’’ कोणी वाजवल्या नाहीत. बोरिवलीच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठ वर्षं तिनं असल्याच सकाळी काढल्या होत्या. पण हा चंदू! तो रडायचाही नाही. नुसता बघायचा. तिची झोप उडवली होती पोरानं.

त्यात वसुधाताई आल्या. सोसायटीच्या कमिटीवर त्या, बालवाडी त्यांच्याच हातात. ‘‘कुंदा, लोकांच्या तक्रारी आहेत. मुलगा मुका आहे, सरळ सांग ना आईबापांना. त्याची शाळा वेगळी. शुक्रवारपर्यंत एक शब्द बोलला तर ठेव, नाहीतर नाव काढ.’’

‘‘मुका नाही हो ताई तो.’’

‘‘मग बोलतं कर की!’’

त्या दिवशी बुधवार होता. कुंदाबाईनं बाहुली दाखवली, चेंडू लपवला, माकडासारखी उडी मारली. बाकीची पोरं हसून लोळली. चंदूनं ओठ घट्ट मिटून घेतले. गुरुवारी तिनं त्याला मांडीवर घेतलं, पाच मिनिटांत दोघं भिजली. साडी पिळताना तिच्या मनात आलं, खरंच ऐकू येत नसेल तर? आणि नाव काढलं आणि तो मुका नसला, तर? मुक्यांच्या शाळेत बोलतं पोर! छे, डोक्याचं पार भजं झालं. ती संध्याकाळी त्याच साडीत चंदूच्या घरी निघाली.

नॅशनल पार्कच्या अंगाला चाळ होती. चंदूच्या बापाची, जयवंतची, गिरणी संपात गेली ती गेलीच. आता तो गोरेगावला स्टुडिओत लाइटी उचलायचा, घरी यायला रात्र व्हायची. दार चंदूच्या आईनं, शेवंतीनं उघडलं.

‘‘या बाई. आपण बसावं. चहा घेणार का?’’ एकेक शब्द मोजून, जपून ठेवल्यासारखा. आत मोरीजवळ म्हातारी सासू तांदूळ निवडत होती. चंदू तिच्या पाठीमागे लपला. कुंदाबाईनं नमस्कार केला. म्हातारीनं नुसते हात जोडले.

‘‘आजींना ऐकू येत नाही का?’’

‘‘येतं की.’’ शेवंती घुटमळली. ‘‘पण त्या बोलत नाहीत. त्यांना शाळेतलं बोलणं जमत नाही ना. बाई, तुम्हीच सांगितलेलं.’’

‘‘मी? काय सांगितलं?’’

‘‘नाव घालायला आलो तेव्हा. घरी गावचं बोलणं बंद करा, नाहीतर पोर मागे पडेल.’’

सांगितलं होतं. अहो, कोकणातल्या प्रत्येक आईबापाला ती हेच सांगायची! छातीला रुमाल लावा, नखं कापा आणि ते माका-तुका बंद करा, सगळं एका दमात. स्वतः वेंगुर्ल्याची. ट्रेनिंगला पोरी हसल्या तेव्हा स्वतःचंही तिनं असंच बंद केलं होतं. त्यात कोणाचं काही बिघडेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

‘‘दिवसभर चंदूला सांभाळतं कोण?’’ तिनं विचारलं.

‘‘ह्याच. मी पोळ्या लाटायला जाते. हे म्हणाले, आये, पोराच्या पुढे गावचं बोललीस तर गावाला पाठवीन. तेव्हापासून दोघं खुणा करतात.’’ शेवंतीनं पदर तोंडाला लावला. ‘‘आधी गप बसायचाच नाही हो. आजीचं डोकं खायचा नुसता.’’

कुंदाबाईला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. चार महिने! एका म्हातारीचं तोंड शिवलं आपण, आणि वर तिच्या नातवाला मुका ठरवायला निघालो. ती उठली, मोरीपाशी जाऊन जमिनीवर फतकल मारून बसली. वीस वर्षांत न बोललेले मालवणी शब्द तोंडात अडखळत होते.

‘‘आजये, माझ्यावांगडा बोला गे. मी पण थंयचीच.’’

म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं. तिनं सुनेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग सुरकुतलेला चेहरा एकदम उजळला.

‘‘खंयची गे तू बाय? कोणाचा चेडू? माका आधी कित्याक—’’

पाठीमागून चंदू झेपावला. त्यानं दोन्ही पंजे आजीच्या तोंडावर दाबले.

‘‘आजये, गप रव! बाई इली!’’

खणखणीत आवाज. चाळभर जाईल असा. शेवंती रडायलाच लागली, ‘‘बोलला! बाई, बोलला!’’ कुंदाबाईला मात्र मान वर करवेना. ह्या आवाजासाठी तिनं बाहुल्या नाचवल्या, उड्या मारल्या. आणि तो आवाज निघाला तो तिच्याच धाकानं.

‘‘उद्या आजींना वर्गात घेऊन या,’’ ती कशीबशी म्हणाली. ‘‘माझ्या शेजारी बसतील. वसुधाताईंशी मी बोलते. चूक माझी आहे, हे पण सांगते.’’

‘‘आणि ह्यांना?’’

‘‘जयवंतरावांनाही मीच सांगणार. येईपर्यंत थांबते.’’ मग ती चंदूकडे वळली. ‘‘बाबू, बाई चुकली रे. आजयेक बोलांदे.’’

चंदूनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. आजीच्या तोंडावरचे हात त्यानं आणखी घट्ट दाबले.