हळदीचा हात
चार मुलींच्या पाठीवर आलेल्या पोरीचं नाव ठमाबाईंनी नकोशी ठेवलं होतं, आणि आता त्याच पोरीच्या हातासाठी त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

हा हात भिंतीवरचा. काटेवाडीच्या त्या घरात लेक सासरी निघाली की तेलात कालवलेल्या हळदीनं माखलेला उजवा हात मातीच्या भिंतीवर उठवून जायची. नकोशी इंदापुरात दिली होती. वर्ष भरायच्या आत ती पटकीनं गेली, आणि निरोप पोचेपर्यंत तिकडं सगळं आटोपलंही होतं. आईला लेकीचं तोंडसुद्धा दिसलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी ठमाबाई आपला उजवा हात भिंतीवरच्या तिच्या पिवळ्या हातावर टेकवायच्या, मगच चूल पेटायची.

१९३४ च्या उन्हाळ्यात कालव्याचं पाणी पाझरून ती भिंत ओलीनं फुगली. पाडण्यावाचून इलाज नव्हता. ठमाबाईंचे मालक म्हस्कूतात्या म्हणाले, हाताएवढा तुकडा कापून काढू आणि बाभळीच्या चौकटीत बसवू. त्यांनी बारामतीहून काचही आणली. माती ढासळू नये म्हणून वरून कापड चिकटवायची युक्ती मात्र सुनेची, सारजाची. एवढा शहाणपणा करायला तिला कुणी सांगितलं होतं? पण बोलून बसली.

तिनं कणकेची खळ शिजवली, जुन्या धोतराचा तुकडा त्या हातावर चिकटवला आणि वाळू दिला. आता म्हस्कूतात्या विळ्याच्या टोकानं चारी बाजूंनी माती कोरत होते. सारजा खाली फळी धरून बसली होती आणि ठमाबाई दोघांच्या मानेवर उभ्या होत्या.

"हळू वो."

"हळूच करतुया."

"बोटांकडं जाऊ नगा."

"तू जरा गप ऱ्हा की!"

सारजाचे दंड भरून आले. विळा मागून फिरला, तुकडा हलला. फळीवर वजन आलं म्हणेपर्यंत आतून पोकळ झालेली माती भसकन खाली आली. फळीवर नुसती ढेकळं, आणि सारजाच्या हातात कापड.

ठमाबाई खाली बसून एकेक ढेकूळ चाचपू लागल्या. एकावरही पिवळा ठिपका नव्हता.

"खाल्लास गं माज्या लेकीचा हात," त्या म्हणाल्या.

हे बोलणं सारजाला आता जन्मभर ऐकावं लागणार, आणि ते खोटंही नसणार. तिनं कापड उलटं केलं. हळद खळीला धरून कापडावर आली होती. पाची बोटं, पार मनगटापर्यंत.

"आत्याबाई, ह्यो बघा, हितं हाय!"

ठमाबाईंनी कापड हिसकावून घेतलं, मांडीवर पसरलं आणि उजवा हात टेकवला. बसेना. अंगठा भलत्याच बाजूला होता.

"ह्यो तिचा न्हाय," त्या म्हणाल्या. "माज्या हाताला वळख हाय तिची. ह्यो तिचा न्हाय."

सारजाला पळून जावंसं वाटलं. तरी तिनं कापड उचललं आणि आपल्या छातीसमोर धरलं.

"तिचाच हाय, आत्याबाई. भिंतीला हात टेकला तवा तिची पाठ हुती तुमच्याकडं. आता तोंड हिकडं हाय. तळवा बघा, तुमच्याकडंच केलाय."

ठमाबाईंनी डावा हात उचलला, लावावा की नको म्हणून जरा थांबल्या आणि टेकवला. अंगठ्याला अंगठा लागला, बोटांना बोटं. त्या मोठ्यानं रडल्या. नकोशी गेल्याचं कळलं तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

म्हस्कूतात्यांनी कापड चौकटीवर ताणून बारीक खिळे मारले आणि काच उचलली.

"काच नगं," ठमाबाई म्हणाल्या.

"अगं, रोज हात लावशील तर पुसून जाईल."

"जाऊ द्या. तिकडं गेली ती मला न भेटता गेली. आता जायाची तर माज्या हाताला लागून जाईल."