सूर्य बुडायच्या आत

कुंडलच्या जैन बस्तीत दर्शन झालं की बायका पायरीवर घटकाभर टेकतात, आणि तेवढ्या वेळात गावातल्या निम्म्या घरांचा निकाल लागतो. शहात्तर सालच्या महावीर जयंतीला निकाल लागला तो कस्तुरीचा. साठी उलटलेल्या सासूला, चंदनबालाबाईंना, घेऊन ही सून कुलू-मनालीला निघाली होती. बेत मुळात नवऱ्याचा, जवाहरचा. सांगलीच्या पेठेत त्याचा हळदीचा व्यापार. तिथल्या अडत्यांनी बर्फ पाहून आल्याच्या गप्पा हाणल्या आणि याच्या पोटात दुखायला लागलं. पण "आत्ती, चला की आमच्यासंगं" म्हणून म्हातारीच्या मागं लागली ती कस्तुरीच.

"सासूला शिखरजीला न्यावं माणसानं," मनुबाई म्हणाली. मनुबाई म्हणजे पायरीवरचं हायकोर्ट. "बर्फ बघून काय पुण्य लागतंय? आणि तिचा नेम कोण सांभाळणार?"

नेम सगळ्या गावाला ठाऊक होता. तरुणपणी चंदनबालाबाईंनी मुनिमहाराजांपुढं घेतलेला. सूर्य बुडाला की अन्न-पाणी बंद, आणि उगवल्याशिवाय चूल पेटवायची नाही. तापानं फणफणल्या तेव्हाही त्यांनी तो मोडला नव्हता.

"मी सांभाळीन की," कस्तुरी बोलून गेली. जिभेला हाड नसतं.

मनालीत पोचल्यावर जवाहरच्या अंगात वारं शिरलं. हिडिंबेचं देऊळ? बघायलाच पाहिजे. नग्गरचा किल्ला? तो न बघता परत गेलो तर पेठेत तोंड कसं दाखवायचं? सोलंगचा बर्फ, धबधबे, मठ, सगळं बघायलाच पाहिजे. प्रवासी बस सकाळी लवकर सुटायची आणि कुणासाठी थांबायची नाही.

आणि सूर्याची तऱ्हा तिथं न्यारी. हॉटेल अगदी डोंगराच्या पायथ्याशी. सकाळी पूर्वेच्या डोंगरावरून सूर्य डोकावेपर्यंत बस निघून गेलेली असायची. सूर्य दिसल्याशिवाय स्टोव्ह पेटवायचा नाही, म्हणजे डबाही नाही. बाहेरचं तर म्हातारी शिवतच नसे. संध्याकाळी परत येऊन कस्तुरी धावतपळत भात टाकायची, तोवर सूर्य पश्चिमेच्या डोंगराआड गेलेला. खोलीत सावली आली की चंदनबालाबाई हात जोडायच्या. "बुडाला गं. आता उद्या."

कुंडललाही डोंगर आहेत, पण ते बुटके. त्यांच्यामागं सूर्य गेला की लगेच अंधारतंच. उरलेला उजेड कोण मोजतो? दिसेनासा झाला म्हणजे बुडाला, हा जन्मभराचा हिशेब म्हातारी इथंही लावत होती, आणि खरं सांगायचं तर कस्तुरीलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

"अव्वा, पाचसुद्धा वाजलं न्हाईत," जवाहर मनगट पुढं करायचा.

"नेम सूर्याचा हाय. तुझ्या घड्याळाचा न्हाई."

घरून नेलेले लाडू आणि उकळलेलं पाणी यांवर म्हातारी दिवस काढत होती. कस्तुरीनं विचारलं की "मला भूकच न्हाई इथं" म्हणायची. चौथ्या दिवशी सोलंगहून परतल्यावर ती उंबऱ्यातच कोसळली. डॉक्टर आले, नाडी पाहिली, दुखणं काही नाही म्हणाले. पोटात अन्न नाही आणि हवा विरळ. पोटभर खाऊ घाला, आणि ताकद आल्याशिवाय घाटाच्या बसमध्ये बसवू नका.

दुसऱ्या दिवशी फिरणं बंद. सकाळी सूर्य वर आल्यावर कस्तुरीनं पेज पाजली, ती पोटात न ठरता सगळी उलटून पडली. दुपारभर म्हातारी ग्लानीत होती. ती जराशी सावध झाली तेव्हा कस्तुरीनं मऊ भात आणि मुगाचं वरण केलं. ताटली घेऊन वळते तोच खोलीतलं ऊन गेलं. अंथरुणातूनच चंदनबालाबाईंनी हात जोडले.

"आवं आत्ती, दोन घास खावा. पाप माझ्या माथी."

"पाप असं उचलून देता येत न्हाई, बाळ." आवाज इतका बारीक, की कस्तुरीला वाकून ऐकावं लागलं.

ती ताटली घेऊन तशीच व्हरांड्यात आली. आधी तिला मनुबाई दिसली, पायरीवर बसून सांगणारी, सुनेनं बर्फ दाखवायला नेली आणि सासू घालवली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पहिल्या बाळंतपणात आपण मरायला टेकलो होतो, तेव्हा हीच बाई उशाशी बसून होती, आणि आपल्याला भीती कसली, तर बायका काय म्हणतील याची! तिला रडू आलं. पदरानं डोळे पुसून तिनं समोर पाहिलं.

नदीपलीकडच्या उतारावर ऊन होतं. सफरचंदाच्या बागा फुलल्या होत्या आणि त्यांवर लख्ख, पिवळंधमक ऊन पडलं होतं.

कस्तुरी पाहत राहिली. ऊन आहे म्हणजे सूर्य आहे. बुडालेला नाही, डोंगराआड गेलाय.

"आवं, अव्वांना उचला!" ती ओरडली.

"कुठं?"

"पलीकडं! आधी उचला, मग इचारा!"

जवाहरनं जन्मभर पोती मोजली होती, उचलली होती हमालांनी. पण त्यानं आईला पाठुंगळी घेतलं आणि धापा टाकत पूल गाठला. पुढं कस्तुरी, एका हातात ताटली, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. पूल ओलांडून थोडं चढल्यावर तिघांच्या तोंडावर एकदम ऊन आलं.

चंदनबालाबाईंनी डोळ्यांवर हात धरला. डोंगराच्या खांद्यावर सूर्य चांगला हातभर वर होता.

"आगं, हाय की ह्यो!" म्हातारी म्हणाली. "रोज दडून बसत हुता व्हय? आणि मी खुळी बुडाला, बुडाला म्हणून हात जोडत बसलीया!"

तिनं पहिला घास घेतला. पोटात राहिला. दुसरा घेतला. तेवढ्यात खालून सावली चढत आली आणि पायांना लागली.

"जवाहर, ऊठ रं, आली सावली!"

की पुन्हा पाठुंगळी, आणि वरच्या बांधावर. तिथं चार घास, की पुन्हा वर. बागेची मालकीण खुरपं खाली टाकून पाहत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसली. तिनं हातानं खुणावून वरची वाट दाखवली. सगळ्यात वरच्या बांधावर ताटली रिकामी झाली. म्हातारी तांब्याभर पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं, आणि मग कुठं सूर्य गेला.

कस्तुरी ओक्साबोक्शी रडत होती. छातीवरचा धोंडा उतरला तरी तिला रडू आवरेना.

"रडतीस कशाला? मीठ बराबर हाय," चंदनबालाबाई म्हणाल्या.

त्यानंतर संध्याकाळचं जेवण रोज त्याच बांधांवर झालं. जवाहरची दोन-तीन ठिकाणं पाहायची राहिली, पण ऊन कलायला लागलं की तोच आधी आईपुढं पाठ वाकवायचा.

गावी परतल्यावर पहिल्याच दिवशी सासू-सून बस्तीत गेल्या. म्हातारीचा दंड वाळला होता, चोळी सैल झाली होती, आणि मनुबाईची नजर नेमकी तिथंच गेली. कस्तुरीनं मान खाली घातली.

"मग, काय हाय तिथं एवढं बघण्यासारखं?" मनुबाईनं विचारलं.

"बर्फ हाय, देवळं हायत," चंदनबालाबाई पायरीवर टेकत म्हणाल्या. "पर खरं बघायची हुती ती माझी सून. डोक्यावरचा पदर गेलाय, हातात भाताची ताटली, आणि सूर्याच्या मागं पळतीया. मेलेच असते गं मी, मनुबाई. हिनं जगवलं मला, आणि नेम बी मोडू दिला न्हाई."

कस्तुरी उभीच होती. मनुबाईनं तिच्याकडं वर पाहिलं, लुगडं आवरून घेतलं आणि पायरीवर सरकून तिला जागा करून दिली.