भागीच्या वाटीतले हिरवे पाणी

सकाळी नऊच्या सुमारास, पाम गावात रंभाबाईंच्या अंगणात भागीच्या वाटीतले पाणी हिरवे झाले. कुंपणाबाहेरची गर्दी एकदम मागे सरकली.

साल १९६७, महिना चैत्र. रंभाबाई घाटावरच्या. नवरा तारापूरच्या वीज प्रकल्पाच्या बांधकामावर मुकादम. भाड्याच्या खोलीपुढे त्यांनी मोगरा, अबोली आणि जास्वंद लावली होती. ऐन बहराच्या दिवसांत मोगरा पानांच्या कडांनी करपू लागला, मग अबोली. कुंपणालगतची जास्वंद तेवढी फुलत होती. झाडांना पाणी घालायची आदिवासी पाड्यावरची भागी. रंभाबाईंनी करणी शोधून देणाऱ्या झुंबरबुवाला बोलावले.

"नाव झुंबर, पण उजेड देवीचा!" पानाची पिंक टाकून बुवा म्हणाला. "बागेत भुताळीचा हात फिरलाय. मानूस खोटं बोलंल, फूल बोलायचं नाय."

झोळीतून त्याने तीन पितळी वाट्या काढल्या, पाणी भरले आणि आपल्या हाताने वाटल्या. रंभाबाई, शेजारची कोळीण नवसी आणि भागी यांनी आपापल्या वाटीत जास्वंदीचे फूल चुरडायचे. दोघींचे पाणी लालसर झाले. भागीचे हिरवे.

"मी काय नाय केला, बाई," भागी म्हणाली. तिचा नवरा जिवल्या गर्दीत होता. तो शेजाऱ्याच्या आड सरकला. भुताळी म्हणजे चेटकीण ठरलेल्या बाईला पाड्यावर घर राहत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

शाळेकडे निघालेले वामन मास्तर थांबले. त्या हंगामातला हा त्यांनी पाहिलेला तिसरा बुवा. त्यांना राग आला नाही, कंटाळा आला.

"बुवा, पुन्हा करून दाखवा. वाट्या बदलून."

"देवी एकदाच बोलते, मास्तर."

"मग आता आपण बोलू."

मास्तरांनी भागीची वाटी ओतली. तळाला पांढरा लेप होता. रंभाबाईंच्या हंड्यातले पाणी त्यांनी त्याच वाटीत भरले आणि फूल रंभाबाईंच्याच हातात दिले. त्यांनी चुरडले. पाणी हिरवे.

"आता बाईपन भुताळी काय?" नवसी ओरडली. गर्दी हसली.

"भागीची नजर वाटीत उतरलीय!" बुवा म्हणाला.

मास्तरांनी बुवाच्या चंचीतून बोटभर चुना घेऊन नवसीच्या वाटीतल्या लालसर पाण्यात कालवला. तेही हिरवे झाले. मग भागीला हात धुवायला लावून स्वच्छ वाटीत फूल चुरडायला दिले. लाल.

"जास्वंदीचा रंग चुन्याने पालटतो. भुताळीने नाही," मास्तर म्हणाले. "बाई, झाडांना पाण्याशिवाय काय घालता?"

"मासं धुतल्यालं पाणी. या नवसीनंच सांगितलं, लई फुलं येत्यात म्हणून. पावसाळ्यासाठी सुके मासे घेतले, तवापासनं रोज घालते. मोगऱ्याला जास्त. कुंपणापातुर पुरत नाय."

"सुके? खारवलेले?"

नवसीने कपाळावर हात मारला. "अगो बाय, ताज्या म्हावऱ्याचा पानी सांगितला व्हता! तू मिठाचा घातलास!"

बुवाने वाट्या गोळा केल्या. कबूल केलेली कोंबडी त्याने मागितली नाही, एवढेच.

फुलाला गुन्हेगार ओळखता येत नाही. बाईवर बोट दाखवण्याआधी वाटी बदलून पाहावी. त्याला देवी लागत नाही, शाळाही लागत नाही. पण हे दर वेळी पहिल्यापासून सांगावे लागते.

पाड्यावर हिरव्या पाण्याची बातमी दुपारच्या आत पोचली. चुन्याची पोचली नाही. मास्तर वाट्या आणि फुले घेऊन दोनदा तिथे गेले. लोकांनी पाहिले, माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने विचारले, "मंग बुवा तिलाच का बोलला?" मास्तरांनी उत्तर दिले, "तिच्या बाजूने कोणी बोलणार नव्हतं म्हणून." त्यावर एकेक जण उठून गेला. जिवल्याही.

भागी मात्र हिरव्या पाण्याच्या दिवशीच उमरोळीला भावाकडे गेली. काल संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. तिला आणायला जायचे की नाही, हे जिवल्याने अजून ठरवलेले नाही.