शेजारच्या सीटवरचा उस्ताद

लायसन परत मिळालं, की उस्तादांचा फायदाच फायदा होता. एक तर स्वतःची गाडी स्वतः चालवता येणार होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाडी शिकवण्याचा परवाना त्याच दिवशी, त्याच इमारतीत, दोन खिडक्या पलीकडे मिळणार होता, आणि तो मिळाला की दोन वर्षं कुलूप लागलेलं त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल उघडणार होतं. आणखी एक फायदा ते कुणाला बोलून दाखवत नसत. बसस्टॉपवर उभं असताना जुने विद्यार्थी गाडी थांबवून, काच खाली करून "उस्ताद, सोडू का कुठे?" असं विचारायचे, ते एकदाचं थांबणार होतं.

खर्चाची बाजू त्यांच्या मते केव्हाच भरून झाली होती. दोन वर्षांची बंदी भोगली, बारा आठवडे व्यसनमुक्तीच्या वर्गात गोल मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसून आले, दर महिन्याला तपासणीला रक्त दिलं, डॉक्टरचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवलं. "मी सगळं फेडलंय," हे ते इतक्यांदा म्हणत, की बायकोनं त्यावर हुंकार देणंही सोडून दिलं होतं.

अडचण तारखेची होती. लायसनसाठी गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यायची होती, आणि स्कूलची नोंदणी परीक्षेच्याच दिवशी दुपारी दोनला संपत होती. तोवर शिकवण्याचा परवाना दाखवला तर नोंदणी पुढे चालू. नाही दाखवला तर स्कूलचं नाव रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून वणवण, वर्षभर तरी.

बायको मात्र तारीख कळताच बेकरीत सांगून आली होती, की परीक्षेच्या दिवशी सुट्टी आणि त्यानंतर कायमचा नमस्कार. स्कूल बंद पडल्यापासून ती पहाटे पाचच्या पाळीला पावाच्या लाद्या पिशव्यांत भरत होती.

"अगं, आधी हातात पडू तर दे," उस्ताद म्हणाले.

"दोनशे जणांना पास करवलंत. त्यात स्वतःची एक भर घाला. जड आहे का?"

जड होतं. पण ते नंतर कळलं.

उस्तादांचा गुन्हाही जरा जगावेगळाच होता. पहिल्यांदा ते एका विद्यार्थ्याच्या पास झाल्याच्या पार्टीतून पिऊन गाडी चालवत घरी येताना पकडले गेले, ते तंबीवर सुटलं. दुसऱ्यांदा पकडले गेले तेव्हा तर ते गाडी चालवतच नव्हते. चालवत होत्या टेलरबाई, त्यांच्या सर्वांत ढ विद्यार्थिनी. उस्ताद शेजारच्या सीटवर होते. पायाखाली शिकवणाऱ्याचा दुसरा ब्रेक आणि पोटात दुपारचे तीन पेले. गाडी पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे निघाली, भिंत आली, आणि मग उस्तादांनी ब्रेक दाबला. टेलरबाईंचं उजवं मनगट मोडलं. उस्ताद फळं घेऊन भेटायला गेले होते. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाल्याचं ऐकलं, आणि त्यांच्या लेखी तो विषय मिटला.

आता नियम असा, की परीक्षा साध्या गाडीत द्यायची, दोन ब्रेकवाल्या नाही, आणि उस्तादांची स्वतःची गाडी नेमकी दोन ब्रेकवाली. उस्तादांनी ओळखीच्या लोकांकडे गाडी मागितली. एकाची गॅरेजला होती, एकाची मुलगी घेऊन गेली होती, एकाची तर गाडी आहे की नाही हेच त्याला नक्की आठवेना. शेवटी टेलरबाईच आपली छोटी पिवळी गाडी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"सरावाला शेजारी लायसनवालं माणूस लागतं ना? मी आहे," त्या म्हणाल्या.

टेलरबाई उस्तादांकडे सात वेळा नापास झाल्या होत्या. हात बरा झाल्यावर दुसऱ्या स्कूलमध्ये गेल्या आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या. पाया आपण घातला होता, असं उस्तादांचं म्हणणं होतं.

सराव सुरू झाला आणि उस्तादांचं पितळ उघडं पडलं. बावीस वर्षं ते गाडीत बसले होते खरे, पण शेजारच्या सीटवर. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असायचं, यांच्या हातात तोंड. पहिल्याच वळणावर गाडी चार आचके देऊन बंद पडली.

"क्लच सावकाश सोडा, उस्ताद. झोपलेल्या बाळाखालून हात काढतो ना, तसा."

"हे माझं वाक्य आहे."

"ठाऊक आहे. ह्याच वाक्यावर सात वेळा नापास झालेय मी."

तीन आठवडे टेलरबाईंनी अशी वसुली केली. उस्तादांनी आरशात बघितलं नाही की त्या म्हणत, "आरसा भांग पाडायला दिलेला नाही." हेही वाक्य उस्तादांचंच. बायको गच्चीवरून हे सगळं बघायची आणि कपडे वाळत घालायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावायची.

परीक्षेच्या दिवशी तिघंही सकाळी नऊलाच मैदानावर हजर झाले. उस्तादांनी दाढी दोनदा केली होती. बायकोनं पाण्याची बाटली, फाइल, दोन पेनं आणि एक तिसरं पेन घेतलं होतं. बाकावर सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं आणि त्यांच्यामध्ये उस्ताद. एका पोरानं विचारलं, "काका, तुम्ही कुणाला घेऊन आलात?"

"स्वतःला," उस्ताद म्हणाले.

साहेब आले. हे तेच परीक्षक, ज्यांच्यापुढे उस्तादांनी दोनशे विद्यार्थी उभे केले होते. त्यांनी पॅडवरून नाव वाचलं, चष्म्यावरून वर बघितलं आणि काहीच ओळख न दाखवता म्हणाले, "चला."

उस्ताद तडफेनं पुढे झाले. छाती काढून गाडीकडे गेले, दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला आणि हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिले.

साहेब बाहेरच उभे. "उस्ताद."

"जी साहेब?"

"गाडी त्या बाजूनं चालते. तुम्ही माझ्या सीटवर बसलाय."

बाकावरची पोरं खिदळली. टेलरबाईंनी ओढणीत तोंड लपवलं. बायकोनं मात्र डोळे मिटून घेतले. उस्ताद पट्टा सोडायला लागले, तर तो तीनदा अडकला.

मग ते योग्य सीटवर बसले, आणि निघाले. पहिलं वळण बरं गेलं. उलटी गाडी लावताना मागचं चाक रेघेला चिकटलं, पण ओलांडलं नाही. मग आला चढ. मध्यावर थांबायचं आणि मागे न घसरता निघायचं. इथेच त्यांचे निम्मे विद्यार्थी दर वेळी गारद व्हायचे.

उस्ताद थांबले. आणि थांबलेच. शेजारी साहेब, म्हणजे शिकवणाऱ्याच्या जागी दुसराच कुणी. उस्तादांचा पाय सवयीनं तिथे नसलेला ब्रेक शोधायला लागला. कपाळावरून घाम नाकावर उतरला. साहेबांनी पेन उचललं.

तेवढ्यात गाडीत कुणीतरी खेकसलं, "काय हो, मुक्काम करताय का इथे? बॉनेटवर काय लिहिलंय? रस्ता बघा, रस्ता! हां, आता क्लच. हळू! घाई कुणाला आहे? गाडी थरथरली का? थरथरली ना? मग सोडा हँडब्रेक, आणि देवाखातर आता थांबू नका!"

गाडी बोटभरही मागे न येता सरसर वर चढली.

"कुणाला बोलताय?" साहेबांनी विचारलं.

"विद्यार्थ्याला," उस्ताद म्हणाले आणि ओशाळले. "बोलल्याशिवाय पाय चालत नाहीत साहेब. सवय."

"चालू द्या. नियमात गप्प बसा असं कुठे लिहिलेलं नाही."

मग काय विचारता! पुढची दहा मिनिटं उस्तादांनी स्वतःला असं झापलं, की त्या झापण्याच्या जोरावर गाडी सुतासारखी सरळ धावली. आरशात उशिरा बघितलं म्हणून स्वतःला आंधळा म्हणाले, नीट वळलो म्हणून "शाब्बास, आज चहा माझ्याकडून" असंही म्हणाले. मैदानात परत आले तेव्हा साहेबांचा चेहरा दगडासारखा होता, फक्त खांदे हलत होते.

"पास," ते म्हणाले. मग खाली उतरता उतरता जरा वाकून, "उस्ताद, एवढं चांगलं तुम्ही पूर्वी कधी शिकवत नव्हतात."

बायकोनं सगळ्या मैदानादेखत उस्तादांचा दंड गच्च धरला. टेलरबाई बाकावरच्या पोरांना सांगत सुटल्या, "माझा विद्यार्थी! पहिल्या फटक्यात!" लायसनचा कागद हातात पडला तेव्हा सव्वा वाजला होता. तिघं जवळजवळ पळतच दोन खिडक्या पलीकडे गेले.

शिकवण्याच्या परवान्याला एकच जादा कागद लागत होता. जिला दुखापत झाली तिनं लिहून द्यायचं, की माझी हरकत नाही. टेलरबाईंनी तो घरूनच सही करून आणला होता. खिडकीतल्या बाईंनी तो बघितला, मग फाइलमधून टेलरबाईंचा जुना, अपघाताआधीचा अर्ज काढून शेजारी ठेवला.

"सही जुळत नाही."

"माझीच आहे."

"माझ्यासमोर करा बरं."

टेलरबाईंनी केली. उस्ताद खिडकीशी नाक लावून उभे होते, म्हणून त्यांना दोन्ही सह्या दिसल्या. जुनी एका झोकात काढलेली, शेवटी सुईच्या टोकासारखी बारीक होत गेलेली. नवी सुट्या सुट्या अक्षरांची, पाटीवर गिरवल्यासारखी. आणि पेन टेलरबाईंनी अंगठ्यात नाही, मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरलं होतं.

खिडकीतल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "सही का बदलली, ते लिहून द्या. 'पद्धत बदलली' एवढं लिहिलंत तरी मला पुरे, लगेच शिक्का मारते. पण हातामुळे बदलली असेल, तर ती कायमची दुखापत झाली. मग फाइल सुनावणीला जाते. दोन महिने धरा."

"पद्धतच बदलली," टेलरबाई म्हणाल्या. "दर दोन वर्षांनी फॅशन बदलते, तशी सही. लिहिते मी."

"थांबा," उस्ताद म्हणाले. "हातामुळे म्हणजे काय? प्लास्टर तर सहा आठवड्यांत निघालं."

"प्लास्टर निघालं. बोटं आखडली ती आखडलीच."

"पण तुम्ही शिवता की! मी बघतो, मशीन चालू असतं."

"पडदे, उशांचे अभ्रे. सरळ टीप मशीन मारतं, मी नुसतं कापड सरकवते. कोटाची कॉलर हातानं बसवावी लागते उस्ताद. दोन वर्षांत एक कोट घेतलेला नाही मी."

"कधी बोलला नाहीत."

"तुम्ही सारखं म्हणत होतात ना, सगळं फेडलंय म्हणून. तोंडावर कसं खोडायचं माणसाला?" असं म्हणून त्या हसल्या आणि लिहायला वाकल्या. "सरका. पावणेदोन झाले."

'प' काढायला त्यांना बराच वेळ लागला. त्याची उभी रेघ काढेपर्यंत उस्तादांनी कागदावर पालथा हात ठेवला.

"खरं लिहा."

"अहो, स्कूल जाईल!"

"जाईल."

"डोकं ठिकाणावर आहे का? मी तीन आठवडे कशासाठी घसा फोडला?"

"लायसनसाठी. ते मिळालं. आता खरं लिहा बाई. आज इथे खोटं लिहून मी पुन्हा कुणाच्या शेजारी ब्रेकवर पाय ठेवून बसू?"

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पंधरा मिनिटं आहेत. नीट विचार करा."

उस्तादांनी मागे वळून बायकोकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. पर्स छातीशी धरून ती उभी होती आणि बेकरीचं नाव दोघांच्याही जिभेवर येऊन थांबलं होतं. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं.

"आता मला विचारू नका," ती म्हणाली. "विचारलंत तर मी नको म्हणेन."

त्यांनी विचारलं नाही. कागदावरचा हात उचलला. टेलरबाईंनी खरं लिहिलं, सावकाश, साडेतीन ओळी. खिडकीतल्या बाईंनी तो फाइलला लावला, सुनावणीची तारीख दिली, आणि दोनच्या ठोक्याला खिडकी बंद झाली.

बाहेर बायकोनं फोन लावला. "हो, मीच. सोडते म्हटलं ते विसरा... नाही, येतेय. उद्याच. हो हो, पाचचीच पाळी."

मग तिनं मागचं दार उघडलं, बसली आणि म्हणाली, "चला, बघू तरी कशी चालवता ते."

उस्ताद या वेळी बरोबर दारानं आत शिरले. शेजारी टेलरबाई. पहिल्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी आचका न देता निघाली, तेव्हा दोन वर्षांनी हक्कानं हातात आलेल्या स्टिअरिंगचा आनंद लपवायला त्यांना तोंड गंभीर करावं लागलं. ते काही जमलं नाही. टेलरबाई बघून हसल्या, मागून बायकोही हसली. बसस्टॉप आला तसा त्यांनी उगाचच हॉर्न दिला.

आनंद खराच होता, तिघांचाही. पण कुणाचं किती गेलं ते मांडायचं, तर दोन वर्षं आणि दोनशे विद्यार्थ्यांचं स्कूल गेलं उस्तादांचं, हाताची बोटं गेली टेलरबाईंची. आणि त्या दुपारी उस्ताद खरं बोलले, हे उस्तादांच्या नावावर जमा झालं. ते बोलणं परवडावं म्हणून दुसऱ्या दिवशी अंधारात उठली ती बायको.